आत्याचं कडू

या, असे जवळ सरका. मागं भिंतीला टेकून बसलात ते तुम्हीसुद्धा पुढं या. भिंतीला कान असतात म्हणतात, पण तिला गोष्ट कळत नाही, तुम्हाला कळते. आज एका गृहस्थाच्या गालांची कथा सांगतो. हसू नका, गालांचीच. चौऱ्यांशी लक्ष योनींमध्ये रोज सकाळी उठून स्वतःच्याच गळ्याला पातं लावणारा प्राणी एकच, तो म्हणजे आपण. वाघ लावत नाही. बोकडाला तर दाढी असून तेवढी अक्कल आहे. आणि गाऱ्हाणं घेऊन देवाकडे जावं, तर देवानं स्वतः कधी दाढी केलेली नाही. चित्रात नीट पाहा. एक तर गाल लोण्यासारखे, नाही तर दाढी छातीपर्यंत. मधली ती खुरटी, टोचरी, खाजरी अवस्था त्यानं खास भक्तांसाठी राखून ठेवली आहे.

तर हा गृहस्थ रंगारी होता. भिंती रंगवणारा नव्हे. लोखंडी कपाटं आणि इस्पितळातल्या खाटा बनवणाऱ्या कारखान्यात तो गननं रंग फवारायचा. काचेच्या बंद खोलीत, ज्याला तिथं बूथ म्हणतात, कपाट टांगलेलं असायचं आणि हा त्याच्याभोवती फिरत हात असा चालवायचा की रंगाला वाटावं आपण आपल्याच मर्जीनं पसरतोय. वीस वर्षांत त्याच्या कपाटावर एक ओघळ कुणी दाखवला नव्हता. ओल्या रंगावर दिव्याची तिरीप कशी पडते एवढ्यावरून तो सांगायचा, इथं अर्धा हात कमी पडलाय.

कारखान्यात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे म्हणायचे ‘दाढी’. कारण दाढी होतीच तशी. काळीभोर, दाट, आणि संध्याकाळी जो रंग चालू असेल त्याची बारीक झाक घेऊन घरी येणारी. सोमवारी पांढरी, बुधवारी हिरवी. बायको दार उघडल्यावर आधी दाढी बघायची आणि म्हणायची, “आज खाटा होत्या वाटतं.”

पण एका सोमवारी फोरमननं बूथच्या दारावर कागद चिकटवला. इथून पुढं आत जाईल त्यानं वाफ गाळणाऱ्या दोन डब्यांचा, रबरी काठाचा घट्ट मास्क लावायचा. रबर उघड्या कातडीवर बसलं पाहिजे, मध्ये केस आला की फटीतून वाफ आत शिरते. शुक्रवारी बाहेरून तपासणीस येणार. ज्याच्या तोंडावर मास्क नीट बसेल तो बूथमध्ये, बसणार नाही तो पॅकिंगमध्ये.

“पॅकिंगमध्ये म्हणजे?” रंगाऱ्यानं विचारलं.

“म्हणजे कपाटाच्या कोपऱ्यांना पुठ्ठा बांधायचा,” फोरमन म्हणाला. “मी काय करू, दाढी? माझा रंग तुझ्या हातावर उभा आहे. पण नियम वरून आलाय. घरी जा आणि साफ होऊन ये.”

पुठ्ठा बांधायचा! ज्या हातानं वीस वर्षं रंग फवारला त्या हातानं सुतळीच्या गाठी मारायच्या! रंगारी त्या संध्याकाळी जेवला नाही असं सांगितलं तर कथा शोभेल, पण जेवला. दोनदा वाढून घेतलं. मात्र मंगळवारी सकाळी बाथरूमला आतून कडी लावली, कात्री घेतली आणि वीस वर्षांचं वैभव बादलीत उतरवलं. मग पातं घेतलं. दाढी कशी करतात ते हात विसरला होता. गार पाणी, घाई, आणि खालून वर उलटं खरवडणं. एकदा नाही, सात वेळा.

बायको दारावर थाप मारत होती. “अहो, आत कोण आहे?”

“मीच.”

“मग बाहेर या की.”

तो बाहेर आला. बायको दोन पावलं मागं सरली. लग्न झालं तेव्हा त्याला दाढी होती, त्यामुळे दाढीखाली काय आहे हे तिनं आजवर श्रद्धेवर सोडलं होतं. खाली फारसं काही नव्हतं. हनुवटी म्हणून जी वस्तू माणसाला मिळते, ती ह्याला देताना देवाचं लक्ष दुसरीकडे असावं.

“आवाज तुमचाच आहे,” बायको म्हणाली.

“एवढं काय झालं?”

“काही नाही. लग्नाआधी हे दाखवलं असतंत, तर मी तुमच्या आत्यांना आणखी दोन प्रश्न विचारले असते.”

तेवढ्यात गालांना वारा लागला. तुम्ही कधी ताज्या खरवडलेल्या कातडीवर वारा घेतला असेल तर मी सांगायला नको. नसेल घेतला तर परमेश्वर तुमचं रक्षण करो. दहा मिनिटांत गाल उकडलेल्या बिटासारखे झाले, आणि मानेवर कुणी मोहरी पेरावी तसं बारीक लाल पुरळ उगवलं. आग, खाज, पुन्हा आग. खाजवावं तर आग, न खाजवावं तर जीव जातो.

आणि आपल्याकडे माणूस आजारी पडला की वैद्य कमी पडत नाहीत, रोगीच कमी पडतो. बायको अर्धं लिंबू घेऊन आली. म्हणाली, लिंबानं जंतू मरतात. जंतू मेले की नाही कळायला मार्ग नाही, पण रंगारी स्वयंपाकघरापासून दिवाणखान्यापर्यंत असा काही नाचला की खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्यानं छत वाजवलं गेलं. त्या नाचानं वरच्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर खाली आले आणि टूथपेस्ट लावा म्हणून सल्ला देऊन गेले. तीही लावून झाली. त्यानं आगीला पुदिन्याचा वास तेवढा आला.

एवढा वेळ खिडकीजवळच्या स्टुलावर आत्या मटार सोलत बसली होती. ही रंगाऱ्याच्या बापाची बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. आई लहानपणीच गेली तेव्हा हिनंच त्याला वाढवलं, आणि आपण ज्याला वाढवलं तो कधी मोठा होतो यावर तिचा विश्वास नव्हता. शेहेचाळीस वर्षांच्या त्या बाप्याला ती ‘छोट्या’ म्हणायची. यजमान शेवटची बारा वर्षं अंथरुणाला खिळून होते, तेव्हा रोज सकाळी त्यांची दाढी तिनंच केली होती. बारा वर्षांत पात्यानं एक ओरखडा उठला नाही. जे ओरखडे उठले ते सगळे जिभेनं.

शेवटची शेंग सोलून आत्या म्हणाली, “झालं सगळ्यांचं? का खालच्यांनाही विचारून यायचंय?”

“आत्या, आग होतेय गं.”

“होणारच. सुरणासारखा खरवडलायस. ये इकडं. अगं सूनबाई, मडक्यातल्या पाण्यात फडकं भिजव, आणि फ्रिजमधली काकडी आण. लिंबू तुझ्या डाळीत पिळ, माझ्या पोराच्या तोंडावर नको.”

गार फडकं ठेवलं. फडकं गरम झालं की पुन्हा भिजवायचं. मग काकडी किसून तिचा चोथा गालांवर थापला. संध्याकाळी ताजं, आंबट नसलेलं दही पातळ थरानं लावून धुऊन टाकलं. आणि प्रत्येक वेळी आत्याचं प्रवचन चालू. “आधी गरम पाण्याचा टॉवेल धरावा, केस मऊ होतात. मग पातं. केस ज्या बाजूला झुकतो त्या बाजूला पातं न्यायचं. त्याच्या कलानं घ्यायचं, छोट्या. उलटं गेलास की तो आत वळतो आणि सूड घेतो. एकदा फिरवलं की पुरे. तुझ्या काकांना मी कधी दुसरा हात मारला नाही.”

“काका काही म्हणत नसत?”

“म्हणतील कसे? पातं माझ्या हातात होतं.”

बुधवारी आग निम्म्यावर आली. पण कातडी कोरडी पडून ताणायला लागली, म्हणून बायकोनं निघताना खोबरेल चोळून दिलं. गाल सुखावले. रंगारी खुशीत कामावर गेला, सराव म्हणून मास्क चढवला, मान डावीकडे वळवली आणि मास्क उजवीकडेच राहिला. साबणावरून पाय घसरावा तसा तो गालावरून घसरून कानाखाली जाऊन बसला. सगळा बूथ हसला.

“दाढी, मुंडी तळायला घातलीस काय?” फोरमन ओरडला. “परवा तोंड कोरडं पाहिजे. तेल नाही, क्रीम नाही. तपासायला येणाऱ्या बाई आधी तेच विचारतात.”

दाढी गेली, पण नाव काही गेलं नाही, हे इथं सांगून ठेवतो.

गुरुवारी आत्यापुढं प्रश्न आला. आग शमली पाहिजे आणि चेहरा तेलकट नको. आत्यानं गॅलरीकडे बोट दाखवलं. तिथं फुटक्या पिंपात कोरफड माजली होती. “उद्या दाढी झाली की हिचा गर लाव. गार, आणि वाळला की तेलाचा मागमूस नाही. पण ऐक. पान कापलंस की लगेच तोंडाला फासू नकोस. पेल्यात उभं करायचं, कापलेली बाजू खाली. पिवळा चीक गळतो, तो अर्धा तास गळू द्यायचा. मग पान धुवायचं, साल काढायची, गर पुन्हा धुवायचा. पातळ लावायचा आणि पाव तासानं तोंड धुवायचं. काय सांगितलं?”

“पेल्यात उभं करायचं.”

“आणि?”

“कळलं गं. लहान आहे का मी?”

ह्या वाक्यानं आजवर जेवढी माणसं बुडाली तेवढी पुरातही बुडाली नसतील.

शुक्रवारी सकाळी रंगाऱ्यानं सगळं शहाण्यासारखं केलं. गरम टॉवेल धरला, केसांच्या कलानं एकच हात मारला. थोडं चुरचुरलं, पण मंगळवारच्या मानानं ते गुदगुल्याच. आत्या आत देवापुढं बसली होती. बसली होती म्हणजे भांडत होती, रोजच्यासारखीच. तिला विचारायला जायची सोय नव्हती. घड्याळात बघितलं तर बसला अठरा मिनिटं होती, आणि पान अर्धा तास पेल्यात उभं राहायचं म्हणत होतं. रंगाऱ्यानं विचार केला, अर्धा तास चीक गळतो म्हणजे काय, चार थेंब जातील, राहिले तर राहिले. त्यानं जाडजूड पान कापलं, उभं चिरलं आणि ओठांपासून मानेपर्यंत भरभरून फासलं. औषध थोडं लावलं तर थोडा गुण, जास्त लावलं तर जास्त, असा त्याचा हिशोब. काय तो गारवा! डोळे मिटले. स्वर्ग जर असा असेल तर पुण्य करायला हरकत नाही, असं त्याला वाटलं. तोंड धुवायचं राहिलं. बसमध्ये बसेपर्यंत गर वाळून गेला, आणि वरून कुणाला काही दिसलं नसतं.

तपासणी कारखान्याच्या दवाखान्याच्या खोलीत होती. तपासणारी बाई त्याच्या लेकीच्या वयाची होती आणि सरकारी शिक्क्यासारखी सरळ बोलत होती.

“बसा काका. आज दाढी केलीत ना? चेहऱ्याला तेल, क्रीम काही लावलंय?”

“तेल नाही. क्रीम नाही.”

आता हे शब्दाला शब्द धरून खरं होतं. खऱ्याची ही फार जुनी खोड आहे, ते नेमकं अर्ध्यावर येऊन थांबतं.

बाईंनी नियम सांगितला. डोक्यावर टोपीसारखी एक पारदर्शक पिशवी येईल. तिच्यातल्या भोकातून मी एक पाणी फवारीन, ते जहरासारखं कडू असतं पण त्यानं काही होत नाही. आधी मास्कशिवाय, म्हणजे तुम्हाला चव लागते की नाही ते कळेल. मग तोंड धुवायचं, थोडं थांबायचं आणि मास्क लावून पुन्हा. मास्क लावल्यावर कडू लागलं तर हात वर करायचा. म्हणजे मास्क गळतोय.

पहिली खेप सरळ झाली. दोन फवाऱ्यांतच त्यानं तोंड वाकडं केलं. बाई म्हणाल्या, जीभ चांगली आहे. चूळ भरली, पाव तास गेला. मास्क चढवला, पट्टे ओढले, पिशवी डोक्यावर आली. फोरमन दारात उभा राहून स्वतःच्या पोराची परीक्षा असल्यासारखा घाम पुसत होता.

“नेहमीसारखा श्वास घ्या. आता खोल. मान डावीकडे, उजवीकडे. वर, खाली. छान. आता एक मिनिट सलग बोला. हा कागद वाचा.”

“चष्मा पिशवीत बसत नाही.”

“मग काहीही बोला. पण थांबू नका.”

काहीही बोला म्हटलं की भल्याभल्यांची दातखीळ बसते. रंगाऱ्याच्या डोक्यात तीन दिवस एकच विषय होता, तोच बाहेर पडला. “गार फडकं ठेवावं. काकडी किसावी. दही आंबट नको. लिंबू डाळीत पिळावं, तोंडावर पिळू नये. टूथपेस्टनं काही होत नाही…” पिशवीत गरम होत होतं. मिशीच्या जागी घाम फुटला, थेंब झाला, ओठावर उतरला. बोलणाऱ्यानं नकळत ओठ चाटला.

कडू!

साधं नव्हे. जिभेच्या मुळापासून कानशिलापर्यंत चढणारं कडू. रंगारी गप्प झाला.

“बोलत राहा काका.”

मंडळी, इथं जरा थांबू, कारण कथेचा जीव इथं आहे. हात वर केला तर पुठ्ठा आणि सुतळी. नाही केला तर बूथ. बाईंना काय कळणार होतं? कडू त्याच्या तोंडात होतं, त्यांच्या नव्हे. फोरमननं दारातून मान हलवली, हात खालीच ठेव म्हणून. माणूस म्हणून मीसुद्धा तेच सांगितलं असतं.

पण रंगाऱ्याला त्याचे उस्ताद आठवले. ह्या धंद्यात त्याच्या हातात पहिली गन उस्तादांनी दिली. त्यांच्या काळी मास्क नव्हता. नाकाला रुमाल बांधायचे, आणि संध्याकाळी तो सोडून सगळ्यांना आतली बाजू दाखवायचे. “आज मी आतून निळा निघालो, बघा.” शेवटी तीन पायऱ्या चढायला त्यांना दोनदा बसावं लागे. विनोद सांगायचे, पण हसायचे हप्त्याहप्त्यानं, मध्ये दम घेऊन. म्हणायचे, “मला जाळाल तेव्हा लांब उभे राहा. धूर रंगीत निघेल.” गेल्या थंडीत ते गेले. रंगारी लांब उभा राहिला होता. धूर साधाच निघाला.

रंगाऱ्यानं हात वर केला.

फोरमननं कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी पिशवी काढली, कागदावर फुली मारायला पेन टेकवलं आणि विचारलं, “कडू लागलं?”

“लागलं. पण…” रंगारी मास्क काढून जीभ टाळूला लावून बसला होता. डोळे मिटलेले. कुणी अत्तर ओळखावं तसा. हे कडू नवीन नव्हतं. मघाचं बाईंचं कडू पाण्यासारखं येऊन गेलं होतं. हे चिकटून बसणारं होतं, आणि फार ओळखीचं. कुठं चाखलं होतं हे? आणि एकाएकी तो चार वर्षांचा झाला. अंधाऱ्या माजघराची कड, तोंडात अंगठा, आणि अंगठ्यावर हेच. तो अंगठा चोखायचा आणि काही केल्या सोडत नव्हता, म्हणून आत्या रोज सकाळी त्याच्या अंगठ्याला कोरफडीचा पिवळा चीक फासायची.

“बाई,” तो डोळे उघडून म्हणाला, “हे तुमचं कडू नाही. हे आमच्या आत्याचं कडू आहे.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. बहुधा ताप बघावा का, असा त्यांचा विचार असावा. मग त्यानं सगळं सांगितलं. पान, पेला, अठरा मिनिटं, बस.

“पण मी विचारलं होतं ना तुम्हाला?”

“तुम्ही तेल आणि क्रीम विचारलंत. कोरफड विचारली नाहीत. माझंच चुकलं.”

“कारण सापडलं तर तपासणी पुन्हा घेता येते,” बाई म्हणाल्या. “पण सगळेच अशी कारणं सांगतात काका. एकानं काय सांगितलं होतं, माझा स्वभावच कडू आहे. तुमच्या आत्याचं कडू मी कागदावर कसं लिहू? पुरावा काय?”

तेवढ्यात फोरमन पुढं आला. कारखान्याचा रंग ह्याच्या हातावर उभा होता. त्यानं आपलं बोट रंगाऱ्याच्या जबड्यावरून, कानापासून त्या नसलेल्या हनुवटीपर्यंत, सावकाश फिरवलं, आणि तोंडात घातलं.

क्षणभर काही झालं नाही. मग त्याचा चेहरा चारी बाजूंनी मध्ये गोळा झाला. “आई आई आई!” करत तो बेसिनकडे धावला. स्वामिभक्तीच्या पुष्कळ कथा ऐकल्यात तुम्ही, सेवकानं धन्यासाठी काय काय केलं त्याच्या. पण धन्यानं सेवकाचा गाल चाटला ही कथा एकच, आणि ती तुम्ही आज ऐकलीत.

बाई हसत नव्हत्या. हसू येऊ नये म्हणून त्या खिडकीबाहेर बघत होत्या. “लिहिते,” त्या म्हणाल्या. “चेहऱ्यावर बाहेरचा पदार्थ. साक्षीदार एक. चार वाजता माझी गाडी येते. साडेतीनला पुन्हा घेऊ. तोपर्यंत चेहरा आणि तोंड दोन्ही साफ.”

रंगाऱ्यानं आवारात जाऊन घरी फोन लावला. बायकोनं तो आत्याच्या कानाला लावला.

“आत्या, तुझ्या कोरफडीनं माझा घात केला!”

“असं का? पेल्यात किती वेळ उभी केली होतीस?”

एक गाडी पुठ्ठे उतरवून निघून गेली.

“छोट्या?”

“नव्हती केली.”

“मग घात कुणी केला?”

“मी.”

“हां. आता ऐक. गार नको, कोमट पाण्यानं धू. तीनदा. घासायचं नाही, नुसतं पाणी मारायचं. स्वच्छ फडक्यानं टिपायचं. टिपायचं म्हटलं, पुसायचं नाही. मग शेवटी गार पाणी. तोंडात कोरडा पाव चघळ आणि थुंकून टाक, चीक त्याला धरून निघतो. सांग बघू परत.”

आणि शेहेचाळीस वर्षांचा रंगारी, सुतळीच्या ढिगापाशी उभा राहून, सगळा कारखाना ऐकत असताना, शाळेतल्या मुलासारखं पाठ म्हणाला. कोमट. तीनदा. घासायचं नाही. टिपायचं. गार. पाव. एक शब्द सोडला नाही. फोन ठेवला तेव्हा मागं फोरमन उभा होता. “तो पाव,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “जरा जास्त आणायला सांग. अर्धा मला.”

साडेतीनला पुन्हा पिशवी डोक्यावर आली. आधी मास्कशिवाय कडू, ते लागलं, म्हणजे जीभ जागेवर होती. चूळ, पाव तास, मास्क. गाल अजून लाल होते, पण कोरडे आणि स्वच्छ. मान डावीकडे, उजवीकडे. वर, खाली.

“आता बोला, काका. एक मिनिट.”

ह्या वेळी रंगाऱ्यानं उपाय सांगितले नाहीत. तो म्हणाला, “एक होते उस्ताद. त्यांच्याकडे एक रुमाल होता. सकाळी पांढरा असायचा…” बाईंचा हात फवारत होता. फुस्, फुस्. पिशवीत धुकं साचलं. मिशीच्या जागी पुन्हा घाम फुटला, थेंब झाला, ओठावर उतरला. रंगाऱ्यानं तो मुद्दाम चाटला.

खारट. नुसतं खारट.

“कडू?” बाईंनी विचारलं.

त्यानं हात मांडीवरच ठेवला, पण लगेच मान हलवली नाही. आणखी एक श्वास घेऊन बघितला. मग म्हणाला, “नाही.”

बाईंनी कागदावर सही केली. फोरमन पुढं होऊन त्याला मिठी मारणार होता, पण गाल जवळ आल्यावर त्याला काहीतरी आठवलं आणि त्यानं नुसता खांदा थोपटला.

संध्याकाळी दार बायकोनं उघडलं. सवयीनं दाढी बघायला गेली, तिथं लाल गाल होते आणि मध्ये ती इवलीशी हनुवटी. “असू द्या,” ती म्हणाली. “बघून बघून होईल सवय. निदान आता तुम्ही हसताय का ते कळतं.”

खिडकीजवळून आत्यानं विचारलं, “काय रे, बूथ की पुठ्ठा?”

रंगारी जाऊन तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला, आणि तिच्याकडे बघत बघत त्यानं उजव्या हाताचा अंगठा तोंडात घातला.

आत्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या पाठीत हाणला. मग तोच टॉवेल मडक्यातल्या पाण्यात बुडवला, पिळला, आणि त्याच्या गालांवर ठेवला.

झाली कथा. आता उठाल, घरी जाल, सकाळी आरशापुढं उभे राहाल. बसला अठरा मिनिटं असतील तर कोरफडीच्या वाटेला जाऊ नका, नुसतं गार फडकं ठेवा. आत्याची आठवण ठेवा असं मी सांगणार नाही. ती स्वतःची आठवण स्वतः करून देते, तिला कुणाची शिफारस लागत नाही. फक्त तोंड टिपून झालं, खिडकी उघडलीत आणि पहिला मोकळा श्वास आत घेतलात, की ज्यांच्यापाशी नुसता एक रुमाल होता, त्या उस्तादांना आठवा.